शेंदूर, सफेदा आणि दीडशे रोल

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो: अमेरिकन आरमारावरच्या जुन्या विनोदी चित्रपटांत रुबाब कप्तानाचा असतो, पण खरी गंमत घडते भांडारात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी दुजोरा दिलाय, काहींनी कान उपटलेत, एकाने तर ‘तुम्ही चित्रपट पाहता की साठा तपासता?’ असं विचारलंय. प्रश्न रास्त आहे. एकोणीस वर्षं मी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, साबण, दोरखंड, बल्ब आणि खिळ्यांचा हिशेब ठेवला. पडद्यावर कुणी कुणाच्या गळ्यात पडत असलं तरी माझी नजर मागच्या फळीवरच्या डब्यांवर जाते. आता या वयात ही खोड जायची नाही. उत्तरं वाचताना तेवढी सूट द्या.

प्रश्न : नातवाबरोबर ‘ऑपरेशन पेटिकोट’ (१९५९) पाहिला. त्यात अख्खी पाणबुडी गुलाबी! नातू म्हणतो, असं होऊच शकत नाही. मी म्हणते, वेळ आली की सगळं होतं. खरं कोणाचं?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, बारा आणे तुमचं, चार आणे नातवाचं.

चित्रपटातली ‘सी टायगर’ हौसेने गुलाबी होत नाही. काळ डिसेंबर १९४१, जागा फिलिपिन्समधला कॅव्हिटेचा आरमारी तळ. जपानी विमानांनी बाँब टाकून पाणबुडी जवळजवळ बुडवलेली, सुटे भाग नाहीत, रंग नाही, आणि शत्रू दारात. कॅरी ग्रँटचा कप्तान ती कशीबशी तरंगती करतो. वाटेत रंगकाम काढतात तर अस्तराला पुरेल एवढा शेंदूरही नाही आणि सफेदाही (शिशाचा पांढरा रंग) नाही. लोखंडी जहाजाला वरचा करडा रंग देण्याआधी अस्तराचा हात द्यावाच लागतो, नाहीतर खारं पाणी महिन्याभरात पत्रा खायला घेतं. शिशाचा शेंदूर त्या कामाला उत्तम. पण एका जागी अर्धा डबा शेंदूर, दुसऱ्या जागी अर्धा डबा सफेदा असं असलं की माणूस काय करणार? दोन्ही एकत्र घोटणार. त्यातून कोणता रंग निघतो हे तुमच्या नातवाला एका वाटीत करून दाखवा (खऱ्या शिशाचा रंग मात्र घरात आणू नका, ते विष आहे, साधा लाल आणि पांढरा पुरे). वरचा करडा हात देण्याआधीच तिथून पळावं लागतं आणि गुलाबी पाणबुडी तशीच समुद्रात.

आता खरी हकिकत. १० डिसेंबर १९४१ ला कॅव्हिटेवर खरोखरच हवाई हल्ला झाला. तिथे ‘सीलायन’ आणि ‘सीड्रॅगन’ या दोन अमेरिकन पाणबुड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. सीलायन कामातून गेली. सीड्रॅगन वाचली, पण धगीने तिच्या रंगाला फोड आले. पुढे तो काळा रंग पोपडे धरून गळायला लागला आणि खालचा शेंदूर उघडा पडला. मग जपानी रेडिओ लाल पाणबुड्यांतून फिरणाऱ्या चाच्यांच्या बातम्या देऊ लागला. म्हणजे खरी पाणबुडी लाल डागांची होती, सगळी गुलाबी नव्हती. नातवाचे चार आणे ते एवढेच.

चित्रीकरण झालं फ्लोरिडातल्या की वेस्टला. ‘बालाओ’ नावाच्या खऱ्या पाणबुडीला रंग फासून तिने ‘सी टायगर’चं काम केलं. चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच बालाओला सरावासाठी निशाण बनवून बुडवलं. तिचा वरचा मनोरा तेवढा वॉशिंग्टनच्या आरमारी गोदीत जपून ठेवलाय.

प्रश्न : त्याच चित्रपटात कप्तान टॉयलेट पेपरसाठी भांडाराला पत्र लिहितो. हसून हसून पोट दुखलं. हा प्रसंग लेखकाच्या डोक्यातून आला असेल ना?
– हिशेबनीस, तुमच्याच जातकुळीतला

उत्तर : हिशेबनीस असून तुम्हाला हे विचारावंसं वाटलं? असल्या गोष्टी लेखकाला सुचत नाहीत हो, कचेरीलाच सुचतात.

‘स्किपजॅक’ या पाणबुडीने ३० जुलै १९४१ ला दीडशे रोलचं मागणीपत्र कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडच्या गोदीकडे पाठवलं. मधे पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला, जग पेटलं, पाणबुडी हजारो मैल फिरली. आणि सुमारे अकरा महिन्यांनी ते मागणीपत्र परत आलं. शेरा होता: रद्द, वस्तूची ओळख पटत नाही.

कप्तान जेम्स कोने ११ जून १९४२ ला त्याचं उत्तर लिहिलं. त्या पत्राची भाषा इतकी सभ्य आहे की वाचताना आपल्यालाच लाज वाटावी. मजकुराचा सारांश असा: वस्तूची ओळख पटावी म्हणून सोबत नमुना जोडला आहे. आम्ही तूर्तास जहाजावर येणाऱ्या अनावश्यक सरकारी कागदांचा पर्यायी वापर करतो आहोत. ओळख न पटणाऱ्या या वस्तूऐवजी आपल्याकडे काय वापरतात, असा प्रश्न पडतो. पत्राच्या नकला हातोहात सगळ्या आरमारात फिरल्या. पुढे पाणबुडी तळावर परतली तेव्हा धक्क्यावर टॉयलेट पेपरच्या रोलांचे ढीग रचून तिचं स्वागत झालं, असं सांगतात. चित्रपटात कॅरी ग्रँट जे पत्र लिहून घेतो ते याच पत्रावरून घेतलेलं.

तुम्ही कोच्या बाजूने हसलात. मी मात्र तो शेरा मारणाऱ्या कारकुनाच्या बाजूनेही थोडा आहे. त्याच्यासमोर एक जाडजूड सूची असते. सूचीत वस्तू ज्या नावाने आहे त्याच नावाने मागितली नाही तर त्याच्या दृष्टीने ती वस्तू जगातच नाही. मी स्वतः ‘सुतळी’ मागणारे कागद परत पाठवलेत, कारण सूचीत ‘दोर, तागाचा, बारीक’ होता. सुतळीचा गुंडा माझ्या पाठीमागेच होता. तेव्हा यात काही विनोदी आहे असं मला वाटलं नव्हतं.

प्रश्न : ‘ऑपरेशन पेटिकोट’मध्ये मुलींना पाणबुडीत घुसवून त्यांच्या अंतर्वस्त्रांवर विनोद करायचे, याला तुम्ही करमणूक म्हणता? मला अर्ध्यातून उठावंसं वाटलं.
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी

उत्तर : उठावंसं वाटलं तर उठायचं, त्यात काय. अरुंद बोळातून परिचारिका जाताहेत आणि खलाशी भिंतीला चिकटून डोळे फिरवताहेत, असले विनोद आता शिळ्या भातासारखे लागतात. १९५९ मध्ये त्यावर सभागृह दणाणत असेल. आता मीसुद्धा त्या जागी उठून पाणी पिऊन येतो.

पण दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे परिचारिकांचा भाग हवेतून काढलेला नाही. ३ मे १९४२ च्या रात्री ‘स्पिअरफिश’ या पाणबुडीने कोरेगिडोर बेटावरून काही सैनिकी परिचारिकांना बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी बेट पडलं. मागे राहिलेल्या त्यांच्या सोबतिणी १९४५ च्या फेब्रुवारीपर्यंत जपान्यांच्या कैदेत होत्या, आणि तिथेही रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. पाणबुडीत ज्यांना जागा मिळाली त्यांना त्या अरुंद बोळाचं हसू आलं असेल की नाही कोण जाणे.

दुसरी गोष्ट अर्ध्यातून उठलात म्हणून हुकली असेल. त्या परिचारिकांची प्रमुख, मेजर हेवूड, इंजिनखान्यात शिरते. तिथला म्हातारा मुख्य यांत्रिक बाईमाणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. इंजिनाला एक स्प्रिंग हवी असते, ती पृथ्वीवर कुठेच मिळत नसते. बाई आपला कमरेचा घट्ट पट्टा काढून तिथे बसवते आणि इंजिन चालू. यातही वस्तू अंतर्वस्त्रच आहे, पण इथे हसणाऱ्या पुरुषाची फजिती होते, आणि बाईला सुट्या भागांची अक्कल त्याच्याहून जास्त आहे हे त्याला कबूल करावं लागतं. माझ्या भांडारात अशी एक मेजर असती तर माझे निम्मे कागद वाचले असते.

अमेरिकन आरमाराने पाणबुडीवर स्त्रियांच्या नेमणुकीची बंदी उठवली ती २०१० मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी.

प्रश्न : या सगळ्या चित्रपटांत कप्तान एक तर मूर्ख असतो नाहीतर विक्षिप्त. खऱ्या आरमारात असे कप्तान असते तर युद्ध जिंकलं असतं का?
– शंकेखोर

उत्तर : तुमचा रोख ‘मिस्टर रॉबर्ट्स’ (१९५५) मधल्या जेम्स कॅग्नीच्या कप्तानावर आहे असं धरून चालतो, कारण सगळ्यांचा मूळपुरुष तोच. पण तो मूर्ख नाही हो. त्याला मूर्ख समजलात तर चित्रपटाचा अर्धा जीव निघून जाईल.

पॅसिफिकमधल्या लढाईपासून लांब, सुरक्षित पट्ट्यात एक मालवाहू जहाज फिरतंय. त्याचं नाव ‘रिलक्टंट’, म्हणजे नाखूश. जहाजावर तोफा आहेत पण मारायला कुणी नाही. महिनोन् महिने जमिनीवर उतरायची रजा नाही. आणि कप्तानाच्या दाराशी कुंडीत एक ताडाचं रोपटं आहे, तो त्याला स्वतः पाणी घालतो, कुणी जवळ गेलं तर खेकसतो. ते रोपटं त्याला अॅडमिरलकडून बक्षीस मिळालेलं. कशाबद्दल? त्या सुरक्षित पट्ट्यात इतर कुठल्याही मालवाहू जहाजापेक्षा जास्त टूथपेस्ट आणि टॉयलेट पेपर पोचवल्याबद्दल.

हे ऐकून प्रेक्षक हसतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो नाही. मला त्या माणसाची ओळख पटली. तो गरिबीतून, लोकांची उष्टी काढत वर आलेला. ज्यांची उष्टी काढली तशी शिकलेली पोरं आता त्याच्या हाताखाली. आणि त्याच्यापाशी दाखवायला काय, तर टनांचा आकडा. असा माणूस आकड्यासाठी शंभर माणसांना डेकवर तळून काढतो, पण त्याचा हिशेब कधी चुकत नाही. म्हणूनच हेन्री फोंडाचा रॉबर्ट्स रात्री ते रोपटं उपटून समुद्रात टाकतो तेव्हा मला आनंद होतो आणि पोटात कुठेतरी दुखतंही.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग मात्र वेगळाच. रॉबर्ट्सला लढाऊ जहाजावर बदली हवी असते, आणि दर वेळी कप्तान त्याच्या अर्जावर सही नाकारतो. शेवटी खलाशी काय करतात? बंड करत नाहीत. कप्तानाची खोटी सही कोण उत्तम करतो, याची स्पर्धा भरवतात. जिंकणाऱ्याची सही अर्जावर आणि साहेब मोकळा. बंदूक नाही, तलवार नाही, एक कागद. ज्याने कचेरीत दिवस काढलेत तो हे पाहून उगाच हसत नाही.

जाता जाता: ‘द केन म्युटिनी’ (१९५४) हा विनोदी नव्हे, चांगला गंभीर चित्रपट. पण त्यातला कप्तान बिघडतो कशावरून? हरवलेल्या स्ट्रॉबेरींवरून. त्या कुणी खाल्ल्या हे शोधायला तो अख्खं जहाज उलटंपालटं करतो. भांडारातल्या एका डब्यावरून विनोदही निघतो आणि शोकांतिकाही.

प्रश्न : माझे मोठे काका सैन्यात होते, परत आले नाहीत. युद्धात माणसं मरत असताना डुकरं चोरण्याचे आणि दारू गाळण्याचे विनोद करणं मला निलाजरेपणाचं वाटतं. तुम्ही तर त्याचं कौतुक करता.
– एक जुना वाचक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला पटवायला बसलेलो नाही, पण माझी बाजू मांडतो.

वर ज्या कप्तान कोच्या पत्रावर हसलो, तो पुढच्याच वर्षी ‘सिस्को’ नावाच्या नव्या पाणबुडीवर गेला. १९४३ च्या सप्टेंबरात सिस्को ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघाली आणि परतली नाही. कोही नाही, त्याची माणसंही नाहीत. ते टॉयलेट पेपरचं पत्र लिहिताना आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण पाणबुडीवरच्या माणसाला अंदाज नसतो असं थोडंच आहे? तरी त्याने ते लिहिलं, आणि खुसखुशीत लिहिलं.

‘मिस्टर रॉबर्ट्स’चा दिग्दर्शक जॉन फोर्ड याने जून १९४२ मध्ये मिडवे बेटावर प्रत्यक्ष हल्ला चालू असताना कॅमेरा धरला होता आणि तो जखमीही झाला होता. बारा वर्षांनी तो याच मिडवेवर एक विनोदी चित्रपट करायला परत गेला. (तो पुरा त्याच्या हातून झाला नाही. फोंडाशी त्याचं वाजलं, प्रकरण गुद्द्यावर आलं, मग त्याचं दुखणं निघालं आणि मर्व्हिन लरॉयने चित्रपट पुढे नेला.) मूळ कादंबरी लिहिणारा थॉमस हेगन हाही पॅसिफिकमध्ये मालवाहू जहाजावर होता. त्याच्या कादंबरीवरून झालेल्या नाटकाचे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १,१५७ प्रयोग झाले. प्रयोग अजून चालू असताना, १९४९ मध्ये, लेखक ऐन तिशीत गेला. म्हणजे ही थट्टा करणारी माणसं लांब बसून टाळ्या पिटणारी नव्हती.

आणि शेवट आठवा. चित्रपट पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

रॉबर्ट्सला अखेर लढाऊ जहाज मिळतं. मग एके दिवशी ‘रिलक्टंट’वर टपाल येतं, त्यात रॉबर्ट्सचं पत्र. जहाजावरचा तरुण अधिकारी पल्व्हर ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. टपालात दुसरंही एक पत्र असतं, पल्व्हरच्या एका मित्राचं. जपानी विमान जहाजावर आदळलं, रॉबर्ट्स गेला. जाताना तो काय करत होता? अधिकाऱ्यांच्या खोलीत कॉफी पीत बसला होता. तोफेजवळ नाही, झेंड्याखाली नाही. पल्व्हर काही बोलत नाही. उठतो, कप्तानाचं नवं रोपटं समुद्रात फेकतो आणि कप्तानाच्या दारावर धडकून विचारतो की आज रात्रीचा सिनेमा रद्द का केला म्हणून. दोन तास ज्या विनोदांवर आपण हसलो ते सगळे त्या क्षणी परत समोर येतात, पण हसू येत नाही. तुमच्या काकांच्या तुकडीतही कुणीतरी कोंबडी पळवली असेल, कुणीतरी साहेबाची नक्कल करत असेल. ते लिहून ठेवलं नसेल, एवढंच.

याउपर तुम्हाला ते निलाजरं वाटलं तर तुमचा तो हक्क आहे.

प्रश्न : जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन खलाशांचा एक विनोदी चित्रपट पाहिला, गीशांच्या (नाचगाण्याने पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या जपानी स्त्रियांच्या) घरात राहणाऱ्यांचा. तो खरा कितपत?
– चित्रपटवेडा

उत्तर : ‘क्राय फॉर हॅपी’, १९६१. कोरियातलं युद्ध चालू असताना आरमाराचे छायाचित्रकार जपानमध्ये असतात, एका गीशाघरात मुक्काम ठोकतात, त्यातला एक पत्रकाराला अनाथ मुलांबद्दल थाप मारतो आणि ती छापून येते. मग थाप निभावायला गीशाघराचं रातोरात अनाथालय करावं लागतं. ग्लेन फोर्ड आणि डोनाल्ड ओकॉनर यांनी धावपळ चांगली केलीय. पण जपानी बायका म्हणजे हसऱ्या बाहुल्या, या समजावर अख्खा चित्रपट उभा आहे आणि तिथे तो लंगडतो. त्यातली मियोशी उमेकी ही अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी पहिली आशियाई स्त्री (चित्रपट ‘सायोनारा’, १९५७), आणि तिला इथे काम काय, तर मान तुकवून चहा देणं. गंमत म्हणजे तिच्याबरोबरची मिइको टाका अमेरिकेत सिअॅटलला जन्मलेली, आणि जेम्स शिगेटा हवाईचा. त्यांना ‘परके’ म्हणून उभं करणाऱ्यांना यात विनोद दिसला नाही.

खरं काय होतं ते विचाराल तर अनाथ मुलांची गोष्ट वाटते त्यापेक्षा जास्त खरी आहे. १९५३ मध्ये ‘पॉइंट क्रूझ’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावर कोरियात टाकून दिलेलं एक तान्हं बाळ आणलं होतं. जहाजावरच्या दवाखान्यात त्याच्यासाठी पाळणाघर झालं, खलाशी रांगेने त्याला बघायला यायचे, आणि पुढे आरमारातल्याच एका डॉक्टरच्या घरी ते वाढलं. मला ही हकिकत वाचून पहिला विचार आला तो दुपट्यांचा. लढाऊ जहाजाच्या सूचीत दुपटी नसतात. कुठल्या तरी भांडारपालाने कुठल्या तरी चादरी ‘फाटल्या’ म्हणून वहीतून उडवल्या असणार. त्याच्यावर कुणी चित्रपट काढला तर पहिल्या खेळाला मी जाईन.

प्रश्न : थोडक्यात उत्तरं हवीत. (१) या नटांपैकी खरोखर आरमारात कोण होतं? (२) जहाजावर दारू खरंच गाळत? (३) ‘ऑपरेशन पेटिकोट’मध्ये पाण्यातून सोडलेल्या टॉर्पेडोने जमिनीवरचा ट्रक उडवतात, ती थापच ना?
– घाईतला

उत्तर : (१) बरेच. फोंडा होता. जॅक लेमन, ज्याला पल्व्हरच्या कामासाठी ऑस्कर मिळालं, तोही होता. दूरचित्रवाणीवरच्या ‘मॅकहेल्स नेव्ही’चा अर्नेस्ट बोर्गनाइन तर तिशीच्या दशकापासून होता. पण सगळ्यात गोड गोष्ट टोनी कर्टिसची. पोरवयात त्याने कॅरी ग्रँटला एका चित्रपटात पाणबुडीचा कप्तान झालेला पाहिलं, त्याच नादात आरमारात भरती झाला, पाणबुड्यांची देखभाल करणाऱ्या ‘प्रोटियस’ जहाजावर गेला. आणि १९५९ मध्ये ‘ऑपरेशन पेटिकोट’मध्ये त्याच कॅरी ग्रँटच्या पाणबुडीत त्याच्या हाताखालचा अधिकारी म्हणून उभा राहिला. जे नाही ते कुठूनतरी ‘मिळवून’ आणणारा होल्डन तो हाच. डुकराला खलाशाचा वेष चढवून दारूडा म्हणून पहाऱ्यातून काढणारा. अमेरिकन खलाशांत अशा मिळवामिळवीला ‘कमशॉ’ म्हणतात. शब्द चिनी बंदरांतून आलेला, मूळ अर्थ आभार.

(२) अमेरिकन जहाजांवर १ जुलै १९१४ पासून दारूबंदी आहे. त्यामुळेच विनोद. टॉर्पेडोच्या इंधनातला अल्कोहोल अननसाच्या रसात घालून पीत. आरमाराने त्यात जुलाब होणारं तेल मिसळलं, तर खलाशी तो पावातून गाळायला लागले. काहींचे डोळे आणि जीवही असल्या प्रयोगांत गेले, तेव्हा घाईत असलात तरी हे करून बघू नका.

(३) थाप नाही, वाहन तेवढं बदललं. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘बोफिन’ पाणबुडीने मिनामी दाइतो बेटाच्या बंदरात टॉर्पेडो सोडले, त्यात धक्क्यावरची बस उडाली. बोफिन पर्ल हार्बरला आजही बघायला मिळते.

प्रश्न : तुमच्या एकोणीस वर्षांत असं काही चित्रपटात शोभेलसं घडलं का? की नुसतेच दुसऱ्यांचे किस्से?
– तुमचा (अजून तरी) चाहता

उत्तर : एक सांगतो. डेकवरच्या माणसांसाठी कापडी हातमोज्यांचे चाळीस जोड मागितले होते. चार महिन्यांनी खोका आला. कोणत्या आगारातून आला ते राहू द्या. उघडला तर सगळे डाव्या हाताचे. एकूण एक.

मी तक्रारीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपण चाळीस जोड मागितले, म्हणजे नग ऐंशी. आपल्याला ऐंशी नग पोचल्याची आपलीच सही आमच्याकडे आहे. मी मोजले होते. ऐंशीच होते.

आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) अडाणी म्हणून मी त्याला कायम जरा खालचं समजत आलो होतो. तो आला, खोक्यात हात घातला, एक मोजा उचलला, आतली बाजू बाहेर काढली आणि उजव्या हातात चढवला. शिवण बाहेर आली होती, बाकी नीट बसला. पुढचं सबंध वर्ष आमच्या जहाजावर प्रत्येकाचा उजवा हात उसवलेला दिसायचा. वहीत मी लिहिलं: हातमोजे, कापडी, जोड ४०, सुस्थितीत.